सल्ला सदर: परदेशातील महागडी सुतारकामाची यंत्रे, कोणती आणावीत आणि कोणती विकावीत

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी अनेक वर्षे न्यू जर्सीत नोकरी करीत असून तेथेच गॅरेजमध्ये सुतारकामाचा छंद जोपासला. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन सावंतवाडीजवळच्या घरी कायमचा परतणार आहे. माझ्याकडे फेस्टूल कंपनीचे डॉमिनो डीएफ ५०० (जोडणीची खाच पाडणारे यंत्र), ट्रॅक सॉ टीएस ५५ (पट्टीवरून सरकवायची करवत) आणि त्याच्या दोन पट्ट्या, कॅपेक्स मायटर सॉ (आडवा व तिरका काप घेणारी करवत), राउटर (खोबणी व नक्षी कोरणारे यंत्र), सँडर (घासून गुळगुळीत करणारे यंत्र) व धूळ ओढणारे यंत्र आहे. शिवाय सॉस्टॉप कंपनीचा ३ अश्वशक्तीचा टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत), १४ इंची बँड सॉ (दोन चाकांवर पट्टीसारखे पाते फिरवणारी करवत), डिवॉल्टचा १३ इंची थिकनेस प्लेनर (फळीची जाडी सारखी करणारे यंत्र) आणि माकिताची १८ व्होल्टची बॅटरीवर चालणारी यंत्रे आहेत. टेबल सॉ मुळातच २३० व्होल्टचा असल्याने तो आणावा आणि १२० व्होल्टची बाकीची यंत्रे विकावीत, असा माझा विचार आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की कंटेनर येतोच आहे तर सगळेच आणावे, ट्रान्सफॉर्मर लावला की झाले. आपले मत कळवावे.

सप्रेम नमस्कार.

आपण आणि आपले मेहुणे, दोघांनीही व्होल्टेजवरून हिशेब मांडला आहे आणि माझ्या मते तेथेच तो चुकतो आहे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची असते हे सर्वांच्या लक्षात राहते. ती ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, असते आणि आपल्याकडील ५० हर्ट्झची, हे मात्र सहसा विसरले जाते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो किंवा चढवतो, वारंवारता बदलणे त्याच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक यंत्राबाबत पहिला प्रश्न ‘किती व्होल्टचे’ हा नसून ‘आत मोटार कोणत्या जातीची’ हा असला पाहिजे. तो विचारला की आपल्या यादीची उलथापालथ होते: आपण आणू पाहता तो टेबल सॉ विकावा लागतो आणि विकू पाहता ते डॉमिनो ठेवावेसे वाटते.

हातात धरून वापरण्याच्या बहुतेक यंत्रांत कार्बन ब्रश असलेली युनिव्हर्सल मोटार असते. ही मोटार ५० हर्ट्झवर चालते, ६० वरही चालते, आणि तिच्या वेगात वारंवारतेमुळे फरक पडत नाही. तिला व्होल्टेज मात्र योग्य मिळावे लागते. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या जड यंत्रांत इंडक्शन मोटार असते आणि तिचा वेग वारंवारतेशी बांधलेला असतो. अमेरिकेत मिनिटाला १,७२५ फेरे घेणारी चार ध्रुवांची मोटार आपल्याकडे १,४४० च्या आसपास फिरते, तर ३,४५० फेऱ्यांची मोटार २,८७५ वर येते. वेग घटतो ही त्यातली लहान अडचण आहे. व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता कमी केली की मोटारीच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होऊ लागतो, बिनकामाचा विद्युतप्रवाह वाढतो आणि वाइंडिंग तापते. अशी मोटार पहिल्या दिवशी जळत नाही. ती चालते, म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि एखाद्या उकाड्याच्या दुपारी जाड सागवान चिरताना तिचा निकाल लागतो.

आपला सॉस्टॉप नेमका या जाळ्यात सापडतो. पाटीवर २३० व्होल्ट लिहिलेले आहे हे खरे, पण त्याच पाटीवर ६० हर्ट्झही लिहिलेले असेल. व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारे उपकरण, लावू असे कोणी सुचवील. ते उपकरण थ्री फेज मोटारीसाठी असते, कपॅसिटरवर सुरू होणाऱ्या सिंगल फेज मोटारीला ते लावता येत नाही. कंपनी ५० हर्ट्झची मॉडेल वेगळी बनवते, यावरूनच काय ते समजावे. मोटार बदलण्याचा पर्याय उरतो, परंतु या यंत्राची मोटार, स्विचपेटी आणि सुरक्षेचे इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ज्या यंत्रावर आपण बोटांची भिस्त ठेवता त्याच्या त्या भागात घरगुती फेरफार करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा मोटारीचा प्रश्न सुटला, तरी दुसरा उभाच आहे. सॉस्टॉपच्या पात्यावर अल्पसा विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून सुमारे ५ मिलिसेकंदांत ते थांबवतो. या एका कृतीत, हा ठोकळा ज्यात असतो ते ब्रेक कार्ट्रिज संपते आणि पातेही बहुधा निकामी होते. ओले लाकूड वीजवाहक असल्यामुळे त्याच्यानेही ब्रेक चुकून लागू शकतो. आता सावंतवाडीच्या पावसाळ्याची आणि कोकणात वखारीतून येणाऱ्या, पुरत्या न मुरलेल्या फणसाच्या व आंब्याच्या फळ्यांची कल्पना करावी. ओल्या लाकडासाठी ब्रेक तात्पुरता बंद ठेवण्याची सोय यंत्रात आहे, पण ती वारंवार वापरायची असेल तर हे यंत्र घेण्याचे प्रयोजनच संपते. चालू स्थितीतील कार्ट्रिज बसवल्याशिवाय सॉ सुरूच होत नाही. म्हणजे एकदा चुकून ब्रेक लागला आणि जवळ दुसरे कार्ट्रिज नसले, तर ते परदेशातून येईपर्यंत जवळपास २०० किलोंचे यंत्र खोली अडवून बसणार.

सॉस्टॉप विकावा याचा अर्थ त्याच्या जागी मिळेल तो टेबल सॉ घ्यावा असा मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात टेबल सॉच्या पात्याला लागून होणाऱ्या सुमारे ३० हजार जखमांवर दरवर्षी तातडीचे उपचार करावे लागतात आणि त्यांतील सुमारे ४ हजार प्रकरणांत बोट किंवा अवयव तुटलेला असतो. इतकी वर्षे आपण त्या आकड्याबाहेर राहण्याची किंमत मोजलीत आणि ते योग्यच केले. आपल्याकडे लहान कारखान्यांत दिसणारे पुष्कळसे टेबल सॉ म्हणजे लोखंडी टेबल, खाली मोटार आणि वर उघडे पाते, एवढेच असतात. पात्यामागे उभे राहून कापलेली फट मिटू न देणारे आणि लाकूड उलटे अंगावर फेकले जाण्यापासून वाचवणारे रायव्हिंग नाइफ त्यांत बहुधा नसते. ब्रेकच्या यंत्राची सवय झालेला हात अशा यंत्रावर अधिक धोक्यात असतो. माझा सल्ला असा की टेबल सॉशिवाय कार्यशाळा मांडावी: प्लायवूडचे ८ बाय ४ फुटांचे तक्ते ट्रॅक सॉने कापावेत आणि भरीव लाकूड बँड सॉवर चिरावे. बँड सॉचे पाते लाकूड खाली टेबलाकडे दाबते, वापरणाऱ्याकडे फेकत नाही. कडा थोडी खरबरीत निघते, पण एक रंधा मारला की काम भागते.

त्यामुळे बँड सॉ हे आपल्या कार्यशाळेतील मुख्य यंत्र ठरेल आणि तो आणण्याजोगा आहे, मात्र त्याची मोटार तिकडेच ठेवून. आपल्या मॉडेलची मोटार पायावर बोल्टने बसवलेली आणि पट्ट्याने चाकाला जोडलेली असेल, तर ती काढून येथील १,४४० फेऱ्यांची, दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार बसवणे हे चांगल्या फिटरचे काम आहे. पात्याचा मूळ वेग परत मिळवण्यासाठी मोटारीवरची पुली व्यासाने २० टक्के मोठी घ्यावी, म्हणजे ३ इंचांची असेल तर ३.६ इंचांची. पट्टा कदाचित पुढच्या मापाचा लागेल. अमेरिकन मोटारीचा दांडा सहसा ५/८ इंचाचा असतो आणि आपल्याकडे या ताकदीच्या मोटारीचा २४ मिलिमीटरचा, तेव्हा जुनी पुली बसणार नाही, आणि पायाची भोकेही जुळणार नाहीत. नवी पुली व एक लोखंडी पट्टी एवढ्यावर दोन्ही प्रश्न मिटतात. पात्यांची काळजी नको. मोठ्या शहरांतील लाकूडयंत्रांचे दुकानदार हव्या त्या लांबीचे पाते जोडून देतात. मोटार थेट चाकाच्या दांड्यावर बसवलेली असेल किंवा सांगाड्यात फ्लँजने घट्ट बसवलेली असेल, तर मात्र तोही विकावा.

थिकनेस प्लेनर आणि कॅपेक्स यांच्याबाबत फार विचार करू नये, दोन्ही विकावीत. दोन्हींत युनिव्हर्सल मोटार आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर ती चालतील. परंतु प्लेनर १५ अँपिअर, म्हणजे १,८०० वॉटपर्यंत वीज ओढतो आणि सुरू होताना त्याहून बरीच अधिक, म्हणून त्यासाठी ३ केव्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागेल. त्याची दुधारी पाती झिजली की फेकावी लागतात आणि सागवानातील सिलिका ती लवकर झिजवते. कॅपेक्सचे पाते २६० मिलिमीटरचे आणि ३० मिलिमीटर भोकाचे असते, तर आपल्याकडील बाजारपेठ १० इंची, २५.४ मिलिमीटर भोकाच्या पात्यांची आहे. निवृत्तीनंतर वर्षाला चार-सहा मोजक्या वस्तू करणाऱ्याने जाडी काढण्यासाठी फळ्या वखारीत किंवा मोठ्या सुतारी कारखान्यात नेऊन मजुरीवर रंधून आणाव्यात. स्वतःचे यंत्र हवेच असे वाटले तर एक वर्षाने घ्यावे.

डॉमिनोची गोष्ट वेगळी आहे. खाच आणि कुसू ही जोडणी आपल्या सुतारांनी पिढ्यान् पिढ्या पटाशीने केली, आणि तिची जलद, हुकमी आवृत्ती हे यंत्र देते. त्याचे पाते फिरता फिरता आडवे डोलते आणि लांबट खाच पाडते, आणि तिच्यात सुटे लाकडी कुसू बसवून दोन तुकडे जोडतात. डीएफ ५०० फक्त ४२० वॉटचे आहे. १ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्याला पुरून उरतो आणि तो एका हाताने उचलता येतो. या यंत्राची जागा घेईल असे दुसरे काही सावंतवाडीत काय, पुण्या-मुंबईतही सहजासहजी मिळणार नाही. हजार डॉलरांहून अधिक किमतीचे आहे म्हणून ते ठेवा असे मी म्हणत नाही. कॅपेक्सही त्याच किमतीच्या घरातला आहे. त्याला पर्याय नाही, वीज थोडी लागते आणि वजनाला ते हलके आहे, ही कारणे पुरेशी आहेत. सँडरलाही हाच नियम लावून तो ठेवावा. त्याची तबकडी १५० मिलिमीटरची असेल तर त्या मापाचा पॉलिश पेपर मोटारगाड्यांच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानांत शोधावा, हार्डवेअरच्या दुकानांत बहुधा १२५ चाच दिसेल.

ट्रॅक सॉ विकावा, पट्ट्या मात्र ठेवाव्यात. सरळ कापण्याची किमया पट्टीत असते, आणि माकिताचा प्लंज सॉ फेस्टूलच्या पट्टीवर व्यवस्थित चालतो. बॉश आणि माफेल यांची पट्टी वेगळ्या घडणीची असल्याने ते सॉ तिच्यावर चालणार नाहीत, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. रोज हाती लागणारे, १,२०० वॉटचे आणि धूळयंत्राला जोडून वापरायचे यंत्र २३० व्होल्टचे असणेच सोयीचे. पट्टी कंटेनरमध्ये आडवी आणि सपाट बांधावी. एकदा वाकली की ती सरळ होत नाही.

राउटरही विकावा, त्याचे कारण मात्र सुरक्षेचे आहे. बिट, म्हणजे कापणारे पाते, धरून ठेवणारे अमेरिकन कोलेट पाव इंच आणि अर्धा इंच मापाचे असतात, तर येथील दुकानात ६ आणि १२ मिलिमीटर दांड्याचे बिटही त्याच बरणीत पडलेले असतात. १२ मिलिमीटरचा बिट अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या कोलेटमध्ये सहज शिरतो, आवळल्यासारखा वाटतो आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर निसटू शकतो. येथे दोन्ही मापांचे कोलेट सोबत देणारा राउटर घ्यावा आणि प्रत्येक नवा बिट व्हर्नियरने मोजूनच लावावा.

धूळ ओढणाऱ्या यंत्राबाबत मी कंजुषी करू देणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद ठेवून काम करणाऱ्याला ती धूळ अधिकच मिळते. आपले १२० व्होल्टचे यंत्र विकून, नळ्या व जोडतोंडे ठेवून, येथे २३० व्होल्टचे एम वर्गाचे यंत्र घ्यावे. युरोपीय मानकानुसार एल वर्गाच्या यंत्रातून १ टक्क्यापर्यंत धूळ निसटू शकते, तर एम वर्गातून ०.१ टक्क्यापर्यंतच. डॉमिनो आणि सँडर १२० व्होल्टवर राहिल्याने त्यांचे बटण दाबताच धूळयंत्र आपोआप सुरू होण्याची सोय तेवढी जाईल. ते आधी हाताने सुरू करावे लागेल.

माकिताची बॅटरीवरची यंत्रे सर्व आणावीत. बॅटरी आणि यंत्र जगभर तेच असते, बदलतो तो फक्त चार्जर, आणि २३० व्होल्टचा चार्जर येथे मिळतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या कंटेनरमध्ये घालू नयेत. समुद्री मालवाहतुकीत त्या धोकादायक माल गणल्या जातात. विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीस परवानगी लागत नाही, त्याहून मोठ्या, १६० पर्यंतच्या, जास्तीत जास्त दोन बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवरची होते, म्हणजे ती मर्यादेत बसते. ६ अँपिअर-अवरची १०८ ची होते, तिच्यासाठी आधी विचारावे.

आता ट्रान्सफॉर्मरविषयी, कारण मेहुण्यांचे ‘लावला की झाले’ मला अर्धेच मान्य आहे. प्रवाशांसाठी विकले जाणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चुकूनही घेऊ नयेत. ते विजेची लहर कापून व्होल्टेज उतरवतात आणि ज्या यंत्रांत वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक्स आहे त्यांना ते मारक ठरतात. तांब्याच्या वाइंडिंगचा, प्राथमिक व दुय्यम बाजू वेगळ्या ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करून घ्यावा. ब्रिटनमधील बांधकामांवर सुरक्षेसाठी ११० व्होल्टची यंत्रे अशाच ट्रान्सफॉर्मरवर सर्रास चालतात, तेव्हा ही व्यवस्था मुळात कमअस्सल नाही. मात्र महावितरणचा दाब संध्याकाळी १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर आपल्या १२० व्होल्टच्या सॉकेटात ९९ व्होल्टच येतील. सँडरला ते चालेल, डॉमिनोचा आवाज मंदावलेला वाटला तर काम थांबवावे.

खरा धोका मात्र ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर आहे. अमेरिकन चपट्या पिनांचा प्लग आपल्याकडील ‘युनिव्हर्सल’ एक्स्टेंशन बोर्डात अगदी सहज बसतो. आपल्या गैरहजेरीत मदतीला आलेला सुतार किंवा घरातले कोणी डॉमिनो त्या बोर्डात लावील, २३० व्होल्ट मिळताच मोटार बेफाम वेग घेईल किंवा इलेक्ट्रॉनिक्स जळेल, आणि १२० व्होल्टचे आर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) येथे कोणी ठेवत नाही. म्हणून कार्यशाळेत असा एकही बोर्ड ठेवू नये. भिंतीवरची सर्व सॉकेटे गोल तीन पिनांची असावीत, अमेरिकन सॉकेट फक्त ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर असावे, आणि यंत्रांचे मूळ प्लग कापून येथील प्लग लावण्याचा मोह टाळावा. तो प्लग जुळत नाही, हीच सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे.

विक्रीच्या क्रमाबद्दल एवढेच सुचवतो की फेस्टूलची वापरलेली यंत्रे तिकडे चांगल्या किमतीला लवकर जातात, ती शेवटच्या दोन महिन्यांसाठी ठेवली तरी चालेल. टेबल सॉला मात्र वाहन घेऊन येणारा, तळघर किंवा गॅरेज असलेला गिऱ्हाईक शोधावा लागतो, म्हणून त्याची जाहिरात आजच द्यावी आणि जवळ असलेली न वापरलेली कार्ट्रिजे त्याच व्यवहारात द्यावीत. त्या पैशांतून डॉमिनोसाठी ५, ६, ८ आणि १० मिलिमीटरची प्रत्येकी दोन पाती, कार्बन ब्रशचे दोन जोड आणि सँडरची एक जादा तबकडी तेथूनच घ्यावी. तयार कुसवांची पेटी आणू नये. बीच लाकडाच्या त्या कुसवांना कोकणची दमट हवा मानवत नाही, त्या फुगून खाचेत शिरेनाशा होतात. मुरलेल्या सागवानाच्या पट्ट्या नेमक्या जाडीच्या काढून, कडांना गोलाई देऊन, येथेच लागतील तेवढ्या करून घ्याव्यात. बँड सॉच्या ओतीव लोखंडी टेबलाला बांधणीपूर्वी मेणाचा जाड थर द्यावा, कारण कंटेनरच्या आतला घाम गंजाचे काम समुद्रातच सुरू करतो.